घटक ३ : लक्ष्मीबाई टिळक – जीवन आणि जडणघडण

३.१ प्रास्ताविक

धार्मिक व जातीय विविधतेचा आणि तिच्याभोवती वाढणाऱ्या पूर्वग्रहांचा विचार करताना आपले लक्ष बहुधा चळवळींकडे, कायद्यांकडे किंवा थोर पुरुषांच्या वैचारिक लेखनाकडे जाते. या घटकात आपण एका गृहिणीच्या आयुष्याकडे पाहणार आहोत. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे नाव मराठीच्या विद्यार्थ्याला ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे परिचित असते. त्या ग्रंथाचे वाङ्मयीन विवेचन अन्यत्र केले आहे. येथे प्रश्न वेगळा आहे. जिने आयुष्याची पहिली तीस वर्षे विटाळाच्या कल्पनेत काढली, आणि नंतर जिला स्वतःलाच विटाळ मानण्यात आले, त्या स्त्रीच्या मनात कोणते बदल घडले व ते कशामुळे घडले?

या चरित्रातील महत्त्वाचा कालखंड अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि राहुरी येथे घडला. नगरहून मनमाडच्या दिशेने निघाल्यावर सीना नदी ओलांडली की नागापूर लागते आणि तोच रस्ता पुढे राहुरीला जातो. आज नागापूर औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. निरनिराळ्या प्रांतांतून, निरनिराळ्या धर्मांचे कामगार तेथे एकाच यंत्रावर पाळ्या करतात आणि पाळी संपल्यावर खोली शोधताना मात्र त्यांना नाव-गाव-आडनाव विचारले जाते. हा घटक वाचणाऱ्यांपैकी अनेकांना हा प्रश्न कधी विचारला गेला असेल, काहींनी तो स्वतः विचारलाही असेल. लक्ष्मीबाईंच्या काळी हाच प्रश्न पाण्याच्या तांब्याच्या रूपाने समोर येत असे.

३.२ माहेर : सोवळ्याचे राज्य

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका, घरातले नाव मनू. नाशिकजवळ गोदावरीकाठी असलेल्या जलालपूर या गावी गोखल्यांच्या चित्पावन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली होती. या आघाताची छाया कुटुंबावर दीर्घकाळ राहिली. मनूचे वडील नारायणराव यांच्या मनात तर विटाळाच्या भीतीने असे घर केले की सोवळे हा आचार न राहता ती एक व्याधी झाली. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, बाहेरचा स्पर्श झाला की स्नान, मुलांनाही त्यातून सुटका नाही, असा तो कारभार होता. घरातील स्त्रिया दिवसभर धुण्यात आणि धाकात असत.

येथे थोडे थांबले पाहिजे. सोवळ्याचा त्रास प्रामुख्याने ज्यांना दूर ठेवले जाई त्यांना होत असे, ही गोष्ट निर्विवाद आहे. ज्या महार-मांग कुटुंबांना गावाबाहेर राहावे लागे, ज्यांच्या सावलीचाही विचार केला जाई, त्यांच्या यातनांशी जलालपूरच्या वाड्यातील धुण्याची तुलना होऊ शकत नाही. परंतु पूर्वग्रह हा ज्याच्या विरुद्ध बाळगला जातो त्याच्याप्रमाणेच, जो बाळगतो त्याच्याही घरात शिरतो, हे मनूने बालपणीच पाहिले. पुढे वडिलांविषयी लिहिताना लक्ष्मीबाईंनी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. त्यांनी त्या वेडाचे चित्र काढले, आणि वाचक हसता हसता अस्वस्थ होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या संपूर्ण लेखनातील हा भाग सर्वांत धाडसी आहे; कारण परक्याचा दुराग्रह दाखवणे सोपे असते, पित्याचा दाखवणे कठीण.

मनूचा सांभाळ पुढे मावशीच्या घरी झाला. १८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनूची लक्ष्मी झाली.

३.३ नारायण वामन टिळक आणि धर्मांतर

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांपेक्षा वेगळे, याची नोंद विद्यार्थ्यांनी प्रारंभीच घ्यावी; परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ही गल्लत वारंवार आढळते. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले नारायणराव नाशिकला संस्कृत शिकले. ते शीघ्रकवी होते, वक्ते होते आणि एका ठिकाणी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. नोकऱ्या सुटत, गावे बदलत, हातातील पैसा गरजवंताच्या हाती जाई. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून देण्याचा प्रयत्न त्यांनीच केला. जोडाक्षरांशी मात्र त्यांचे कधी फारसे जमले नाही.

नागपूरच्या वास्तव्यानंतर १८९३ मध्ये राजनांदगावकडे आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना बायबलचा नवा करार वाचावयास दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधले. दोन वर्षांच्या वाचनानंतर व पत्रव्यवहारानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता भारतीय पाळक तुकाराम नथोजी यांच्या हातून घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, ही समजूत त्या काळी दोन्ही बाजूंना होती, आणि टिळकांना ती मान्य नव्हती.

या घटनेचा धक्का समजून घ्यायचा असेल तर तत्कालीन सामाजिक वातावरण लक्षात घ्यावे लागते. त्याआधी अवघ्या पाच वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवरही बहिष्काराचे संकट आले होते आणि प्रायश्चित्ताचा वाद दीर्घकाळ चालला होता. एका पेल्याची ही किंमत, तर धर्म सोडण्याची किती? जातीबाहेर टाकलेल्या माणसाला मृत समजून त्याच्या नावाने घडा फोडण्याचा जो विधी होता, त्यास घटस्फोट म्हणत. आज हा शब्द आपण विवाहविच्छेदासाठी वापरतो. त्याच्या पोटात दडलेली ही जुनी क्रूरता मराठीच्या विद्यार्थ्याला माहीत असावी.

३.४ ताटातूट

बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरी लहान मुलगा दत्तू होता. काही अपत्यांचा मृत्यू त्यांनी त्यापूर्वीच पाहिला होता. आता नवरा जिवंत होता आणि नव्हताही. कुंकू लावायचे की नाही, त्याच्या पत्राला उत्तर द्यायचे की नाही, मुलगा कोणाचा मानायचा, अशा प्रश्नांना शास्त्रात आणि शेजारात निरनिराळी उत्तरे होती. दुःखाने त्यांची प्रकृती आणि मन दोन्ही खचले. बहीण भिकू आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना आधार दिला. नाशिक, जलालपूर, पंढरपूर अशा ठिकाणी ही वर्षे गेली. याच काळात त्यांच्या तोंडून कविता येऊ लागल्या.

कायद्याच्या दृष्टीने धर्मांतरिताच्या बाजूस दोन आधार होते. १८५० च्या कायद्याने धर्म किंवा जात गमावल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद केली होती. १८६६ च्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस तिचा जोडीदार धर्मांतराच्या कारणाने सोडून राहत असेल तर, न्यायालयामार्फत विवाह संपुष्टात आणण्याचा मार्ग खुला केला होता. म्हणजे टिळकांना दुसरा संसार थाटण्याची वाट होती. ते त्या वाटेला गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, भेटीस येत राहिले. ज्या घरातून त्यांना हाकलून देणे धर्मकृत्य ठरले असते, त्या घरानेही त्यांच्यासाठी दार पूर्णपणे बंद केले नाही. पूर्वग्रहाच्या इतिहासात असे अर्धवट उघडे दरवाजे फारसे नोंदले जात नाहीत, कारण त्यांना ना निषेध म्हणता येतो ना सुधारणा. लक्ष्मीबाईंनी ते नोंदले, हे आपले भाग्य.

३.५ नगर : दोन चुली

चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई दत्तूसह नगरला पतीकडे आल्या. त्या आल्या त्या हिंदू म्हणूनच, आणि आपले सोवळे सोबत घेऊन. टिळकांच्या हातचे त्या जेवणार नव्हत्या. त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी यावर वाद घातला नाही. स्वतःच्या श्रद्धेसाठी घरदार पणाला लावणाऱ्या माणसाने पत्नीच्या श्रद्धेला मात्र धक्का लावला नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात बाप्तिस्म्याइतकीच मोलाची मानावी लागेल.

नगर हे तेव्हा अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. मिशनचे काम तेथे १८३१ पासून सुरू होते. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये तेथूनच निघाले. मिशनच्या शाळा होत्या, वसतिगृहे होती, धर्मशिक्षणाचे विद्यालय होते आणि टिळक तेथे अध्यापन करीत. शतकाच्या अखेरीस लागोपाठ आलेल्या दुष्काळांनी, विशेषतः १८९९–१९०० च्या छपन्नाच्या दुष्काळाने, अनाथ मुलांची संख्या वाढली. ख्रिस्ती झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक महार व मांग समाजातील होते. गावकऱ्यांच्या दृष्टीने ते बाटगे. भाकरीसाठी धर्म विकलेले. उपाशी माणसाने भाकरी देणाऱ्याचा देव स्वीकारला तर त्याला लोभी म्हणायचे, आणि ज्या गावाने त्याला विहिरीवर चढू दिले नाही त्या गावाला काहीच म्हणायचे नाही, हा हिशेब एकांगी आहे. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धर्म बदलला तरी जुन्या जातीची ओळख पुसली जात नसे. ख्रिस्ती वस्तीतही कोण मूळचा कोणता, हे सर्वांना ठाऊक असे. ब्राह्मण कुळातून आलेल्या टिळकांचे जे कौतुक झाले, ते महार कुळातून आलेल्या पाळकाच्या वाट्याला क्वचितच आले.

अशा वस्तीत लक्ष्मीबाई आपली घागर सांभाळून राहू लागल्या. भोवती ज्यांच्या स्पर्शाचे भय बालपणापासून शिकवले गेले होते, ती माणसे होती. ती आजारी पडत, हसत, भांडत, मुलांना रागावत. ती शेजारीण म्हणून दारात येत. वडिलांच्या घरातील नियमांना या ओळखीची सवय नव्हती. ते नियम अनोळखी माणसांसाठी तयार झालेले होते.

आणि मग एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःशी वाद घातला. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांत जशी शरीराची भिन्नता दिसते तशी माणसामाणसांत दिसली असती. जन्म सर्वांचा सारखा, मरणही सारखेच. मग भेद कोठून आला? उत्तर मिळताच त्यांनी ठरवून टाकले की यापुढे कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्यास आपल्याला हरकत नाही. हा युक्तिवाद नवीन नाही. संतांनी आणि त्यांच्या आधीच्यांनीही तो केला आहे. विशेष असे की तो कोणी त्यांच्या गळी उतरवला नाही. पतीने नाही, मिशनऱ्यांनी नाही. तो त्यांनी स्वतः, आपल्या घरगुती बुद्धीने केला, आणि आचरणात आणायला विलंब लावला नाही. त्यांचा जातिभेद आधी गेला, धर्म नंतर बदलला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या दोन घटनांचा क्रम विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्यामुळे जातिभेदातून मुक्त झाल्या, असे विधान सर्रास केले जाते; त्यांच्या जीवनक्रमाशी ते जुळत नाही.

३.६ रेषेच्या पलीकडे

बाप्तिस्म्यानंतर परिस्थिती उलट झाली. ज्या स्त्रीने कालपर्यंत इतरांचा विटाळ मानला होता, तिच्याकडे आता विटाळ म्हणून पाहिले जाऊ लागले. माहेरच्या माणसांचे प्रेम आटले नाही, पण प्रेम आणि पंगत या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे त्यांना आता दुसऱ्या बाजूने कळले. लेखनात याविषयी कडवटपणा नाही. याचे कारण केवळ स्वभावातील विनोद नव्हे. समोरच्याच्या मनात काय चालले आहे हे त्यांना आतून ठाऊक होते. कधीकाळी ते त्यांच्याच मनात चालत असे.

राहुरी आणि नगर येथील घर माणसांनी भरलेले असे. दुष्काळातील अनाथ मुले, वाट चुकलेले तरुण, आश्रयाला आलेल्या स्त्रिया. टिळक कोणालाही घेऊन येत आणि त्यांना जेवू घालण्याचे गणित लक्ष्मीबाई सोडवीत. प्लेगच्या दिवसांत त्यांनी रुग्णांची शुश्रूषाही केली. या घरात राहिलेल्यांपैकी एक नाव मराठी कवितेच्या इतिहासात अमर झाले आहे. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात टिळकांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुणाची प्रतिभा ओळखली. हे बालकवी पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिले. एक ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती कुटुंबात मुलासारखा वावरतो, रुसतो, लाड करून घेतो, हे दृश्य त्या काळच्या नगरमध्ये सामान्य नव्हते. लक्ष्मीबाईंनी बालकवींच्या हट्टांचे आणि भाबडेपणाचे जे वर्णन केले आहे, त्यात धर्माचा उल्लेख शोधावा लागतो. १९१८ मध्ये भादली येथे रेल्वे अपघातात बालकवींचा मृत्यू झाला.

टिळकांना मात्र ख्रिस्ती समाजातही स्वस्थता लाभली नाही. परदेशी मिशनरी आणि देशी कार्यकर्ते यांच्या वेतनातील व अधिकारातील अंतर त्यांना खटकत असे. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी अभंग रचले, भजन-कीर्तन मंदिरात आणले. हिंदू समाजाने त्यांना परधर्मी ठरवले, तर काही ख्रिस्ती मंडळींना त्यांच्यातील हिंदूपणाची शंका येई. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन करीत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला आणि सर्व धर्मांच्या माणसांना खुला असा ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. या सर्व काळात फुलांवरच्या आणि मुलांवरच्या त्यांच्या कविता मराठी घरांत पाठ केल्या जात होत्या. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्याची कविता चालत होती.

येथे एक प्रश्न विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावा. आपल्या परिचयातील कोणत्या समाजाचे गाणे, खाद्यपदार्थ किंवा कारागिरी आपल्याला हवीशी वाटते, पण त्या समाजातील भाडेकरू किंवा जावई नको असतो? उत्तर लिहून पाठवण्याची आवश्यकता नाही.

३.७ उत्तरायुष्य आणि लेखन

पतीच्या निधनानंतर लक्ष्मीबाई काही काळ मुलाबरोबर कराचीत राहिल्या आणि अखेरीस नाशिकला स्थायिक झाल्या. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य अपूर्ण राहिले होते. जोडाक्षरांना घाबरणाऱ्या या विधवेने ते पुढे नेले. त्यातील बहुतांश अध्याय त्यांचे आहेत. नागपूर येथे भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही १९३३ मध्ये त्यांच्याकडे आले.

‘स्मृतिचित्रे’चा जन्म मात्र योगायोगाने झाला. मुलगा देवदत्त, म्हणजेच पूर्वीचा दत्तू, वडिलांच्या चरित्राची सामग्री जमवीत होता. आईने आठवणी लिहून द्याव्यात असे त्याने सुचवले. त्या लिहू लागल्या आणि टिळकांच्या आठवणींतून त्यांचे स्वतःचे आयुष्य उभे राहिले. ‘संजीवनी’ या नियतकालिकातून ते प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३४ पासून त्याचे भाग ग्रंथरूपाने निघाले. हे पुस्तक हिंदू वाचकांनी उचलून धरले. ज्या समाजाने चाळीस वर्षांपूर्वी या कुटुंबासाठी घडा फोडला असता, त्याच समाजाने हे लेखन आपल्या भाषेचे भूषण मानले.

आजच्या दृष्टीने एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. नगर परिसरातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती व मुस्लीम झालेल्या दलितांना तो अद्याप नाही. धर्म बदलला म्हणजे जात गेली असे कायदा मानतो. गावाने तसे मानले होते काय, याचे उत्तर नगरच्या जुन्या वस्त्यांच्या रचनेतच वाचता येते. लक्ष्मीबाईंच्या चरित्रातून या प्रश्नाचा एक लहानसा भागच दिसतो, कारण त्या उंबरठ्याच्या वरच्या बाजूने आल्या होत्या. खालच्या बाजूने आलेल्या त्यांच्या शेजारणींनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्या आपल्याला भेटतात त्या लक्ष्मीबाईंच्या पानांतून, ओझरत्या.

‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या हातून पूर्ण झाला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. राहिलेला मजकूर देवदत्तांनी पुरा केला आणि ‘ख्रिस्तायन’ही त्यानंतरच प्रकाशित झाले.